तिसरी बंदूक: दक्षिण कोकणातल्या एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2020. भात पिवळे पडायला लागले होते आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे तात्या तोंडाला पंचा बांधून माझ्या कार्यालयाच्या पायरीवर बसले होते. मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत शस्त्र परवान्याचे पुस्तक होते. मला पाहताच म्हणाले, "वकिलांनू, तिनातली एक देवची लागता म्हणतत. खयची देऊ?"

तालुक्याच्या ठिकाणी वकिली करताना जमीन, वाटप आणि वारस नोंदी यांच्या जोडीने शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे परवानेही माझ्याकडे येतात. कोकणाबाहेरच्या वाचकाला हे नवल वाटेल, पण इथल्या रानालगतच्या वाड्यांत परवान्याची बंदूक ही कोयती आणि नांगरासारखी शेतीच्या सामानातच मोजली जाते. तात्यांच्या घराची ओळख पटू नये म्हणून गाव, वाडी आणि काही तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या काळातला कायदा मात्र जसाच्या तसा आहे.

तात्यांच्या एकाच परवान्यावर तीन हत्यारे होती. पहिली वडिलांकडून आलेली ठासणीची बंदूक. तिची दारू गजाने ठासायची आणि वर केप लावायची. दुसरी 12 बोअरची एकनळी काडतुसाची. ती तात्यांनी स्वतः ऐन उमेदीत विकत घेतली होती आणि रोजच्या कामाची तीच. तिसरी दुनळी, निपुत्रिक चुलत्याच्या पश्चात वारसाने आलेली. ती वर्षातून एकदा, दसऱ्याला पाटावर ठेवण्यापुरती बाहेर निघायची.

शेतातली बंदूक बहुतेक वेळा कुणाला मारण्यासाठी नसतेच. रात्री मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, बसायचे, डुकरांचा कळप बांधावरून उतरला की हवेत बार काढायचा, एवढेच. मारायला परवानगी लागते. पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबत वन विभागाची परवानगी घेऊन मारण्याची तरतूद राज्य शासनाने 2015 साली सोपी केली. गव्याला मात्र हातही लावता येत नाही, आणि अलीकडे भात तुडवतात ते गवेच जास्त. म्हणजे बंदूक म्हणजे मुख्यतः आवाज. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

2019 हे वर्ष या घराला आधीच जड गेले होते. 23 एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले. आचारसंहिता लागताच बंदुका ठाण्यात जमा करायचा निरोप आला, तेव्हा काजूचा हंगाम सुरू होता आणि वानरे बोंडांवर तुटून पडत होती. बंदुका परत मिळाल्या त्या निकालानंतर. मग 21 ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान आले आणि पुन्हा तेच झाले. या वेळी शेतात कापणीला आलेले भात उभे होते. दोन रात्रींत डुकरांनी एक अख्खा कोपरा लोळवला. तात्यांचा थोरला मुलगा ते सांगताना आजही उसळतो: "निवडणूक माणसांची, आणि शिक्षा आमच्या भाताक!" ठाण्यातून परत आलेल्या एकनळीवर गंज चढला होता. तो राग निवला नव्हता, तेवढ्यात नवा कायदा आला.

अडचण

शस्त्र अधिनियम 1959 सालचा. 1983 च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. 2019 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने लोकसभेत विधेयक आणले, त्यात ही मर्यादा थेट एकावर आणली होती. त्यावर उत्तरेत, विशेषतः पंजाब आणि राजस्थानात, मोठी ओरड झाली. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी विरोध केला. जुनी घराणी, माजी सैनिक, नेमबाज आणि बंदूक हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना बोलू लागल्या. शेवटी लोकसभेत मंजूर होताना एकाच्या जागी दोन झाले. 9 डिसेंबरला लोकसभेने आणि 10 डिसेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले, 13 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 14 डिसेंबर 2019 पासून कायदा लागू झाला.

ज्याच्याकडे दोनहून अधिक बंदुका आहेत त्याने कुठल्याही दोन ठेवाव्यात आणि बाकीच्या एका वर्षात जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कराव्यात, असे त्यात होते. वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत ते हत्यार परवान्यावरून कमी होणार. वारसाने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडायची नाही, हेही स्पष्ट लिहिले होते. त्याच कायद्याने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्नावरातीत हर्षोल्हासात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. ही शेवटची तरतूद मला मनापासून पटते.

तात्यांची अडचण वरवर साधी होती: 13 डिसेंबर 2020 च्या आत तिसरी बंदूक जमा करायची. मीही ती तेवढीच समजलो. आमचे सगळे बोलणे कुठली बंदूक द्यायची यावर चालले. रात्री त्या बंदुका कुठे ठेवल्या जातात, हे मी विचारले नाही.

घरातला वाद

तात्यांना तीन मुले. थोरला गावी शेती बघतो. ताई मुंबईत एका इस्पितळात परिचारिका आहे. धाकटा नवी मुंबईत नोकरीला. माझ्या कार्यालयात फोनच्या लाउडस्पीकरवर तीन रविवार जे बोलणे झाले, ते मला या प्रकरणाचा गाभा वाटते. संसदेत झाले नाही इतके खरे बोलणे तिथे झाले.

थोरल्याचे म्हणणे होते की शेतकऱ्याला कुणी विचारलेच नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये गृह मंत्रालयाने अधिसूचना काढून नामांकित नेमबाजांना त्यांच्या क्रीडाप्रकारांच्या संख्येनुसार बारापर्यंत शस्त्रे ठेवायची मुभा दिली. कर्नाटकातल्या कुर्गमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत, जमीनधारकांना परवान्यातून असलेली जुनी सूट ऑक्टोबर 2019 मध्ये आणखी दहा वर्षांनी, म्हणजे 2029 पर्यंत वाढवली. "नेमबाजाक बारा, कुर्गाक सूट, आणि आमका दोन. तुमचो कायदो आता डुकरांक वाचून दाखवा," तो म्हणाला. यात रागाचा भाग सोडला तरी मुद्दा उरतोच. ज्यांची संघटना होती, ज्यांचे पदक होते किंवा ज्यांचा राजवाडा होता, त्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोचले. वाडीवरचा ठासणीवाला तिथे नव्हता.

धाकट्याचा सूर वेगळा. त्याने इंटरनेटवर अमेरिकेतले वाद वाचले होते आणि तो हक्काची भाषा बोलत होता. स्वसंरक्षण हा जन्मसिद्ध हक्क, सरकार निःशस्त्र प्रजेला भीत नाही, इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाची हत्यारे काढली तीच वृत्ती अजून आहे. त्याचा इतिहास चुकीचा नव्हता. 1878 च्या कायद्यात युरोपियनांना सूट होती आणि देशी माणसाला परवाना लागत होता. अख्ख्या राष्ट्राला शस्त्रहीन करणाऱ्या त्या कायद्याला गांधीजींनीही राजवटीच्या काळ्या कृत्यांत सर्वांत वरचे स्थान दिले होते. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

पण पुढची पायरी धाकट्याला माहीत नव्हती, ती मी सांगितली. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणून अमेरिकेची मोजपट्टी इथे लागत नाही. तिथे शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती 1791 पासून आहे. 2008 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क व्यक्तीचा मानला, आणि 2022 मध्ये न्यूयॉर्कचा एक जुना नियम रद्द केला. घराबाहेर पिस्तूल बाळगायचे असेल तर खास गरज दाखवा, असे तो नियम सांगत होता. आपला सगळा कायदा मात्र गरज दाखवा या एका मागणीवरच उभा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये अमेरिकेशी तुलना करत, इथे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, असे बोलून दाखवले.

ताई दोन रविवार फक्त ऐकत होती.

समोरचे पर्याय

कायद्याच्या चौकटीत मी चार वाटा मांडल्या.

ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात द्यायची, ही पहिली. उपयोग कमी म्हणून ती द्यावी हे सरळ गणित होते, पण तात्यांचा तिच्यात जीव. "माझ्या आज्यान ती खांद्यार घेऊन रान राखल्यान," एवढेच ते म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

दुसरी वाट, तीच ठासणीची पुराणवस्तू म्हणून दाखवायची. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेत प्राचीन, संग्राह्य लहान शस्त्रे बाळगायला परवाना लागणार नाही असे म्हटले होते, फक्त वापरायला आणि वाहून न्यायला लागणार होता. कागदावर हे आकर्षक होते. पण बंदूक कधीची, कुणी बनवलेली, याचा पुरावा नव्हता. शिवाय जी बंदूक कालपर्यंत पीक संरक्षणासाठी म्हणून परवान्यावर चालू होती, ती आज शोभेची झाली हे पटवणार कसे? मी अर्ज केला, उत्तर आले नाही, आणि मुदत जवळ येत होती.

तिसरी वाट थोरल्याच्या नावाने स्वतंत्र परवाना काढून एक बंदूक त्याच्याकडे वर्ग करायची. 2016 च्या नियमांत तशी सोय आहे. परवानाधारकाला सत्तर वर्षे झाली किंवा त्याने हत्यार पंचवीस वर्षे बाळगले, तर तो हयातीतच वारसाला नेमू शकतो. तात्या दोन्ही अटींत बसत होते. घरातली तीनही हत्यारे कायदेशीरपणे घरातच राहिली असती. थोरला आणि धाकटा दोघेही या वाटेवर खूश होते, आणि खरे सांगायचे तर मीही. त्यासाठी थोरल्याला हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण, मानसिक आरोग्याचा उल्लेख असलेला वैद्यकीय दाखला, सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र, पोलीस चौकशी आणि इतर वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र लागणार होते.

चौथी वाट दुनळी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पुढे विकायची.

मी तिसरी सुचवली. ना हरकतीचा मसुदा टाइप करून ताईला आणि धाकट्याला पाठवला. धाकट्याची सही चार दिवसांत आली.

ताईची आली नाही. तिसऱ्या रविवारी ती पहिल्यांदा बोलली. "सही करायला हरकत नाही, वकीलसाहेब. पण आधी मला सांगा, एकनळी रात्री कुठे असते? आणि काडतुसं कुठे असतात?"

फोनवर शांतता पसरली. एकनळी पडवीत, भाताच्या कणगीमागे उभी असायची. काडतुसे त्याच भिंतीतल्या कोनाड्यात, डब्यात. कणगीही उघडी आणि डबाही. ताई म्हणाली, "घरात तीन बंदुका राहाव्यात की दोन, यावर तुम्ही तीन आठवडे बोलताय. घरात माणसं कोण आहेत, त्यावर कुणीच बोलत नाही."

नोव्हेंबरची रात्र

घरात थोरल्याचा मुलगा होता, बावीस वर्षांचा. गोव्यात हॉटेलात नोकरी करत होता, टाळेबंदीत ती गेली. मार्चपासून घरी होता. आधी शेतात राबला, मग दुपारची झोप लांबत गेली, मग संध्याकाळी वाडीच्या खालच्या अंगाला जाऊन पिऊन येणे सुरू झाले. ताई रोज व्हिडिओवर भावाशी बोलायची, तेव्हा तिने भाच्याचा चेहरा पाहिला होता. इस्पितळात असे चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते.

तिने प्रश्न विचारल्यावर थोरला चिडला. आपल्या पोरावर बहीण संशय घेते असे त्याला वाटले. फोन बंद झाला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, भाऊबीज होऊन गेल्यावर, एका पहाटे थोरल्याच्या बायकोला मुलगा अंथरुणात दिसला नाही. ती बॅटरी घेऊन मांगरात गेली. तो तिथे बसला होता, एकनळी मांडीवर आडवी. तिने त्याला त्याच्या लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारली आणि शेजारी जाऊन बसली. काही वेळाने त्याने बंदूक स्वतःच तिच्या हातात दिली. डुकरे राखायला बसलो होतो, असे तो म्हणाला. शेतात भात नव्हते. कापणी होऊन महिना झाला होता.

हे मला थोरल्याने दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन सांगितले. तो खुर्चीत बसला नाही, दाराशी उभाच राहिला.

काय केले

त्याच दिवशी एकनळी आणि दुनळी या दोन्ही काडतुसांसकट घरातून हलवायच्या ठरल्या. यात पहिली गाठ अशी की परवानाधारक तात्या. हत्यार दुसऱ्या कुणी उचलून नेले तर तोच गुन्हा. म्हणून तात्यांना गाडीत बसवून थोरला आणि मी ठाण्यात गेलो. मुदत अजून उरली होती, त्यामुळे ठाणे अंमलदारांना घाईचे कारण कळेना. मी खरे कारण सांगावे की नाही, हा मोठा निर्णय होता. सांगितले असते तर मुलाच्या नावापुढे कायमची नोंद लागेल अशी घरच्यांना भीती होती. आम्ही फक्त घरातल्या आजारपणाचे कारण दिले आणि दोन्ही हत्यारे जमा करून पावती घेतली. माझ्या मते ते तेव्हा बरोबर होते. आज मी तसेच करीन याची मला खात्री नाही.

दुसरे काम मुलाचे. ताई रजा काढून, करोनाची चाचणी करून गावी आली. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला तीच घेऊन गेली. औषधे आणि समुपदेशन सुरू झाले. दारूसाठीही उपचार लागले. त्याबद्दल अधिक लिहिणे मला योग्य वाटत नाही.

मग पुन्हा कागद. ताईने सही करायच्या आधी अटी लिहून दिल्या, आणि त्या मी प्रतिज्ञापत्राला जोडून घरच्यांपुरता वेगळा करारनामा म्हणून टाइप केल्या. घरात एकच चालती बंदूक राहील. ती लोखंडी कपाटात कुलपात असेल. काडतुसे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, त्यातली एक थोरल्याच्या बायकोकडे. मुलाचे उपचार पूर्ण होईपर्यंत एकनळी घरी आणायची नाही.

धाकट्याला हे पटले नाही. "तू ना हरकतीच्या कागदाने आम्हाला अडवतेस," तो म्हणाला. ताईने ते नाकारले नाही. "हो, अडवते. सरकार मोजतं बंदुका किती. मी विचारतेय हात कुणाचे," तिने उत्तर दिले. तात्या इतका वेळ गप्प होते. त्यांनी दुनळी द्यायला सांगितले आणि विषय संपवला.

तारखांनी मात्र शेवटपर्यंत पिच्छा पुरवला. 11 डिसेंबरला राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, आमची त्यात होती. आचारसंहिता लागली आणि दोन दिवसांनी, 13 तारखेला, कायद्याची मुदत संपत होती. ठाण्यात एकाच आठवड्यात दोन प्रकारचे लोक बंदुका घेऊन आले, एक निवडणुकीपुरत्या ठेवणारे आणि दुसरे कायमच्या देणारे. नोंदी एकाच वहीत चालल्या होत्या. आमची दुनळी आधीच ठाण्यात होती, पण ती कायद्याखाली कायमची जमा आहे आणि एकनळी तात्पुरती आहे, हे लेखी नोंदवून घ्यायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तसे नोंदले नसते तर उलटेही होऊ शकले असते.

निष्पत्ती

दुनळी 2021 च्या मार्चपर्यंत परवान्यावरून कमी झाली. नंतर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकली गेली. जमा केलेले हत्यार ठरावीक मुदतीत योग्य माणसाला विकले नाही तर सरकारजमा होते, हे पुष्कळांना माहीत नसते. वाडीतल्या आणखी एका घराची चांगली बंदूक अशीच गेली.

एकनळी थोरल्याच्या नावे झाली, पण परवाना हातात यायला 2022 उजाडले. तोवरचे दोन भाताचे हंगाम घर चालत्या बंदुकीविना राहिले. त्या काळात वाडीने मिळून वर्गणी काढली आणि रानाकडच्या बाजूला सौर कुंपण घातले. त्याने डुकरे बऱ्यापैकी थोपली. गवे कुंपण मोडून येतात ते येतातच. थोरला आता मान्य करतो की कुंपणाने जे केले ते तीन बंदुकांनी मिळून केले नव्हते. पण बंदूक नको असे तो म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. जंगलाच्या कडेला रात्री एकटे बसलेल्या माणसाला हवेतला एक बार किती धीर देतो, हे शहरात बसून कळत नाही.

मुलगा बरा आहे. पुन्हा गोव्यात नोकरी करतो, महिन्याला घरी येतो.

वेगळे काय करता आले असते

माझी स्वतःची चूक पहिली. ना हरकतीचा कागद मी निव्वळ औपचारिकता समजलो. प्रत्यक्षात, घरातल्या माणसांना बंदुकीबद्दल बोलायला लावणारी सगळ्या प्रक्रियेतली ती एकच जागा होती. पोलीस चौकशी घरमालकाची होते, वैद्यकीय दाखला अर्जदाराचा असतो, हमीपत्रावर सही परवानाधारकाची. त्याच छपराखाली राहणाऱ्या बाकीच्या चार जणांना कुणी काही विचारत नाही. आता माझ्याकडे परवान्याचे काम आले की मी पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचारतो: बंदूक कुठे असते आणि घरात कोण कोण असते. काही जण रागावतात. एक जण उठून दुसऱ्या वकिलाकडे गेला.

दुसरी गोष्ट वेळेची. ताईने प्रश्न विचारला त्या रविवारी आम्ही फोन बंद होऊ दिला. त्या दिवशीच काडतुसे तेवढी ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ठेवायला मी सांगू शकलो असतो. बंदुकीवरचा वाद चालू राहिला असता, पण मधले ते दहा-बारा दिवस सुरक्षित गेले असते. वाद निकाली निघायच्या आधी धोका कमी करता येतो, हे मला तेव्हा सुचले नाही. मनाने खचलेल्या माणसासाठी आज 14416 ही टेलिमानसची सेवा आहे. तेव्हा ती नव्हती, पण जिल्हा रुग्णालय होते आणि ताई होती.

तिसरी गोष्ट कायद्याची. दोनची मर्यादा मला अन्यायकारक वाटत नाही. एका माणसाला तिसरी बंदूक कशाला, याचे पटणारे उत्तर तात्यांकडेही नव्हते. पण देशात बंदुकीने होणारे बहुतांश खून बेकायदा हत्याराने होतात आणि तिथे परवानाधारकाच्या तिसऱ्या बंदुकीचा हिशेब फारसा लागत नाही. उलट बाजूही आहेच. 2024 च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यात एका सरपंचाचा खून झाल्यावर तिथल्या हजाराहून अधिक परवान्यांची चर्चा झाली, तेव्हा परवाना म्हणजे कमरेला लावायचा मान झाला आहे हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तो परवाना आणि वाडीवरच्या ठासणीचा परवाना कायद्याच्या एकाच रकान्यात बसतात. 1959 च्या कायद्याने पीक संरक्षणाची गरज वेगळी ओळखली होती. 2019 च्या मर्यादेने तो फरक केला नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी विधेयकाच्या वेळी एक निवेदन जरी खासदारांकडे दिले असते, तर निदान संसदेत उल्लेख झाला असता. पंजाबने दिले, आम्ही दिले नाही. तेव्हा हातात दहा-बारा दिवसच होते हे खरे, पण ठासणीवाल्यांची संघटना आमच्याकडे आजही नाही.

निवडणुकीच्या वेळच्या जमा-वापसीबद्दलही तेच. सरसकट सगळ्यांची हत्यारे जमा करू नका, प्रत्येकाची छाननी करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे आणि त्यासाठी जिल्ह्यात समिती असते. तिच्याकडे अर्ज करावा लागतो, हे वाडीवर पोचत नाही. 2024 च्या लोकसभेआधी मी थोरल्याचा अर्ज आचारसंहिता लागायच्या आधीच तयार ठेवला, सोबत नुकसानीचे जुने पंचनामे जोडले, आणि घरच्या करारनाम्याची प्रतही जोडली. कपाट आणि दोन किल्ल्यांचा कागद. समितीने एकनळी घरी ठेवू दिली.

ठासणीची बंदूक अजून तात्यांच्याच परवान्यावर आहे. तात्या आता ऐंशीच्या घरात पोचले आहेत आणि ती नातवाच्या नावे करायची त्यांची इच्छा आहे. मांगरात बसलेल्या त्याच नातवाच्या. तो उपचार घेऊन बरा झाला आहे, आणि एकेकाळी उपचार घेतले म्हणून त्याला आयुष्यभर नालायक ठरवणे मला चूक वाटते. थोरल्याला भीती वाटते. मुलाची आई म्हणते, दिली तरी तिच्यात दारू भरायची नाही. ना हरकतीचा कागद माझ्या टेबलावर आहे. धाकट्याची सही झाली आहे. ताईने तो दोनदा वाचायला नेला आणि दोन्ही वेळा तसाच परत दिला.